पंच कसा घडतो?

बंगळुरूला पोस्टिंग आली की फौजी माणूस दोन गोष्टींबद्दल बोलतो, इथली हवा आणि इथला ट्रॅफिक. मी तिसरी जोडतो, इथली मैदाने. रविवारी सकाळी कॅन्टोन्मेंटच्या बाहेर कुठल्याही दिशेला निघा, अर्ध्या तासात एखादा क्रिकेटचा सामना दिसतोच. खेळणारी मुले नवीन असतात, क्लबांची नावे जुनी असतात. त्या मैदानावर दोन माणसे अशी असतात की जी फलंदाजी करत नाहीत, गोलंदाजी करत नाहीत आणि सामना कोणीही जिंकला तरी ज्यांना काही मिळत नाही. दिवसभर उन्हात उभे राहायचे, सहा चेंडू मोजायचे, पुन्हा सहा मोजायचे. चूक झाली तर सगळे बघतात, बरोबर असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

या माणसांना तयार कोण करतो? त्यांना मार्क कोण देतो? त्यांच्यातला चांगला कोण आणि बरा कोण, हे कसे ठरते? गेल्या काही महिन्यांत रविवारच्या सुट्टीत मी याचाच माग काढत होतो. इथल्या पंचांशी बोललो, थोडे वाचले. फौजेच्या कामाशी या विषयाचे नाते इतके जवळचे निघेल असे वाटले नव्हते.

शब्द काय सांगतात

इंग्रजीतला ‘अंपायर’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या ‘नॉनपेर’पासून आला. अर्थ, जो जोडीत बसत नाही तो, विषम. दोघांचे जुळेना म्हणून बोलावलेला तिसरा. इंग्रजीत आधी तो ‘अ नंपायर’ होता, बोलता बोलता ‘न’ शेजारच्या शब्दाला चिकटला आणि ‘अॅन अंपायर’ झाला.

आपण त्याला ‘पंच’ म्हणतो. पंच म्हणजे पाच, हीसुद्धा विषम संख्या. दोन्ही भाषांना वेगवेगळ्या वाटेने एकच गोष्ट सुचली. भांडण दोघांचे असेल तर निकाल देणारा त्या दोघांच्या हिशेबात न बसणारा हवा. आपल्याकडे खेळाच्या कितीतरी आधी पंच होते ते गावच्या पंचायतीत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबद्दल १८१९ मध्ये अहवाल लिहिला. त्यात मराठी मुलखातल्या न्यायदानाचे मुख्य साधन म्हणून पंचायतीचे वर्णन आहे. दिरंगाईसारखे तिचे दोषही त्याने नोंदवले, पण लोकांचा तिच्यावर विश्वास आहे हे त्याला मान्य करावे लागले.

तिसरा शब्द जर्मन आहे आणि तो आमच्या धंद्यातला आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या एका तरुण तोफखाना अधिकाऱ्याने, रायस्वित्झने, नकाशावर खेळायचा युद्धाचा खेळ सैन्यापुढे मांडला. ‘क्रीगश्पील’ हे त्याचे नाव. दोन बाजू, मध्ये नकाशा, आणि दोघांचे हुकूम वाचून पुढे काय घडले ते सांगणारा एक पंच. या पंचाला त्यांनी जे नाव दिले त्याचा अर्थ होतो ‘विश्वासातला माणूस’. जगभरच्या सैन्यांतले वॉर गेम आणि युद्धसराव याच खेळाचे वंशज आहेत.

सिव्हिलमधल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण आमच्या मोठ्या सरावातही अंपायर असतात. गोळी खरी नसते, म्हणून कोण मेला, किती रणगाडे गेले, सुरुंग काढायला किती तास लागले, पूल वेळेत बांधला गेला का, हे कोणीतरी ठरवावे लागते. ते ठरवणारा अधिकारी दंडावर पांढरी पट्टी बांधून युनिटबरोबर फिरतो. मी स्वतः दोन सरावांत हे काम केले आहे. रात्रभर चालून आलेल्या कंपनी कमांडरला “तुमची एक प्लाटून गेली” असे सांगताना त्याचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिले आहे. क्रिकेटमधला पायचीत झालेला फलंदाज त्यापुढे फारच सभ्य.

रायस्वित्झच्या खेळाबद्दल पुढे एक वाद झाला, आणि तो या लेखाच्या मुळाशी आहे. सुरुवातीच्या खेळात पंचाच्या हातात तक्ते आणि फासे होते. इतक्या अंतरावरून इतक्या बंदुका, म्हणजे इतके नुकसान. नियम वाढत गेले, खेळ रेंगाळू लागला. १८७६ मध्ये व्हेर्डी दु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने तक्ते बाजूला ठेवायला सांगितले. त्याचे म्हणणे असे, की अनुभवी पंचाला स्वतःच्या समजुतीने निकाल देऊ द्या. मग प्रश्न उभा राहिला, पंचाची समजूत चांगली आहे हे कोणी ठरवायचे? पुस्तक की अनुभव, हा वाद पंचांच्या प्रत्येक शिबिरात आजही चालू आहे.

एक हात गमावलेला सैनिक

क्रिकेटच्या १७४४ च्या नियमांतही पंच आहेत आणि आपापल्या टोकाला त्यांचाच शब्द शेवटचा, असे तिथे ठरवून दिले आहे. पण अधिकार असणे वेगळे आणि तटस्थ असणे वेगळे. इंग्लंडमध्ये बराच काळ प्रत्येक संघ आपला पंच बरोबर घेऊन येई. काउंटी सामन्यांना तटस्थ पंच नेमायला सुरुवात झाली ती १८८३ पासून.

त्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा पंच म्हणजे फ्रँक चेस्टर. हा मूळचा वूस्टरशायरचा होतकरू फलंदाज. विशीच्या आतच त्याने शतके ठोकली होती. मग पहिले महायुद्ध आले. सालोनिकाच्या आघाडीवर त्याचा उजवा हात कोपराखालून गेला. खेळ संपला. पण १९२२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो पांढरा कोट घालून मैदानात परत आला. पुढे १९२४ ते १९५५ या काळात त्याने ४८ कसोटी सामन्यांत पंचगिरी केली. तो आकडा कित्येक दशके कोणाला ओलांडता आला नाही.

चेस्टरच्या सुरुवातीची एक हकिकत प्रसिद्ध आहे. इसेक्स विरुद्ध सॉमरसेट या सामन्यात त्याने दोन्ही कर्णधारांना बाद दिले, एकाला पायचीत आणि दुसऱ्याला यष्टिचीत. जोडीदार पंच वयाने मोठा होता. त्याने बजावले, की असेच कर्णधारांना बाद देत राहिलास तर स्वतःच्या मरणाच्या कागदावर सही करशील. ही थट्टा नव्हती. पुढच्या हंगामात कोणत्या पंचांना ठेवायचे यात काउंटी कर्णधारांचा शब्द चाले. म्हणजे ज्याला बाद द्यायचे त्याच्याच हातात आपली भाकरी. चेस्टरने बोट वर करणे थांबवले नाही. पण त्याच्यासारखे किती असतात?

शिकवणी

हौशी खेळात पंचांना पद्धतशीर शिकवण्याचे आणि परीक्षा घेण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. इंग्लंडमध्ये १९५३ साली टॉम स्मिथ यांच्या पुढाकाराने क्रिकेट पंचांची संघटना उभी राहिली. तिचा जीव होता रविवारच्या क्लब क्रिकेटमध्ये, कसोटीत नव्हे. पंचगिरी समजावून सांगणारे स्मिथ यांचे पुस्तक आजही नव्या आवृत्त्यांत निघते आणि भारतातले उमेदवारही ते वाचतात.

आपल्याकडची वाट साधारण अशी आहे. राज्य संघटना उमेदवारांचे वर्ग घेते, मग लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. उत्तीर्ण झालेल्यांना राज्याच्या पॅनेलवर घेतात आणि त्यांची सुरुवात होते खालच्या डिव्हिजनच्या किंवा शाळांच्या सामन्यांपासून. त्यातले निवडक पुढे बीसीसीआयच्या परीक्षेला जातात. इथल्या संघटनेची स्थापना १९३३ ची, तेव्हा ती म्हैसूरच्या नावाने होती. १९७३ मध्ये कर्नाटक नाव आले. लीगचा पसारा मोठा, त्यामुळे पंचांची गरज कायम.

इथे माझी ओळख एका निवृत्त सुभेदार साहेबांशी झाली. ते मूळचे सातारा जिल्ह्यातले. निवृत्तीनंतर मुलांच्या शिक्षणासाठी बंगळुरूतच राहिले. सकाळी एका कंपनीत सुरक्षा अधिकारी, रविवारी पंच. मी विचारले, “सुभेदार साहेब, सगळ्यात अवघड काय?” मला वाटले, पायचीत म्हणतील.

ते म्हणाले, “साहेब, सगळ्यात अवघड म्हणजे चौथ्या तासाला जागं राहणं. संत्री ड्यूटीच आहे ही. काही घडत नाही, काही घडत नाही, आणि घडतं तेव्हा अर्ध्या सेकंदात घडतं.”

मग त्यांनी मला पायचीत समजावले. चेंडू सुटताना पंचाची नजर गोलंदाजाच्या पुढच्या पायावर असते, कारण नोबॉल असेल तर पुढचे प्रश्नच संपले. तिथून नजर लगेच समोर न्यायची. मग एकामागून एक प्रश्न. चेंडूचा टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडला का? पडला असेल तर नाबाद. आधी बॅटला लागला का? लागला असेल तर नाबाद. पॅडला लागला तेव्हा यष्टींच्या रेषेत होता का? रेषेबाहेर असेल तर फलंदाजाने खेळायचा खरा प्रयत्न केला होता का? आणि शेवटी, पॅड मध्ये नसते तर चेंडू यष्टींवर गेला असता का? शेवटचा प्रश्न सोडला तर बाकी सगळ्यांची उत्तरे डोळ्यांनी पाहिलेली असतात. शेवटचे उत्तर मात्र न घडलेल्या गोष्टीबद्दल असते. तेवढ्यात अकरा माणसे ओरडत असतात.

“म्हणून आम्हाला शिकवतात, घाई करू नका,” ते म्हणाले. “ओरडणं संपू द्या. मनात सगळं परत एकदा चालवा. मग बोट.”

वर्गात शिकवतात त्यातल्या बऱ्याच गोष्टी बाहेरच्याला क्षुल्लक वाटतील. धाव घेताना कुठल्या बाजूला सरकायचे, म्हणजे धावचीत काटकोनातून दिसेल. खिशातला काउंटर कधी दाबायचा. जोडीदार पंचाशी खुणा कशा ठरवायच्या. स्कोअररने हात दाखवेपर्यंत पुढचा चेंडू टाकू द्यायचा नाही. खेळपट्टीवर पाऊस थांबल्यावर काय पाहायचे. फौजेत ड्रिल शिकताना आम्हालाही वाटायचे, याचा लढाईशी काय संबंध? संबंध असा, की हातापायांची कामे सवयीने व्हायला लागली की डोके मोकळे राहते, आणि निर्णय डोक्याने घ्यायचा असतो.

बंगळुरूचे आणि मुंबईचे

या शहराला पंचांची जुनी परंपरा आहे. एम. जी. विजयसारथी म्हैसूरकडून प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले आणि १९५१ ते १९६० या काळात १३ कसोटी सामन्यांत पंच होते. त्यांचे चिरंजीव एम. व्ही. नागेंद्र हेही कसोटी पंच झाले. १९६०-६१ च्या रणजी हंगामात म्हैसूर विरुद्ध आंध्र या बंगळुरूच्या सामन्यात एका टोकाला वडील आणि दुसऱ्या टोकाला मुलगा असे दोघे एकत्र उभे होते. त्या काळी पंचाचे शिक्षण बरेचसे असे घरात, क्लबात, मोठ्याच्या शेजारी उभे राहून व्हायचे.

पुढच्या पिढीत ए. व्ही. जयप्रकाश आले. तेही आधी कर्नाटकचे खेळाडू. ७ फेब्रुवारी १९९९ रोजी दिल्लीच्या कोटला मैदानावर बंगळुरूच्या अनिल कुंबळेने पाकिस्तानचे दहाच्या दहा बळी घेतले. त्या सामन्यात स्टीव्ह बकनर यांच्यासोबत पंच होते जयप्रकाश. गोलंदाज आणि पंच एकाच गावचे, समोर पाकिस्तान. अशा वेळी पंचाच्या मनावर किती ओझे असेल, याचा विचार आपण टीव्हीसमोर टाळ्या वाजवताना करत नाही.

मुंबईची परंपरा तर मराठी वाचकाला जवळची. माधव गोठोस्कर यांनी १९७३ ते १९८३ या काळात १४ कसोटी सामन्यांत पंचगिरी केली. ज्यूदा रूबेन हे ज्यू समाजातले, मुंबई पोलिसांत बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ. जानेवारी १९७७ च्या मद्रास कसोटीत इंग्लंडच्या जॉन लीव्हरने कपाळावर लावलेली व्हॅसलीनची पट्टी खाली पडली. ती रूबेन यांच्या नजरेस आली आणि त्यांनी रीतसर तक्रार वर पाठवली. केवढा गहजब झाला. शेवटी इंग्लंडच्या मंडळाने लीव्हरचे म्हणणे मान्य केले आणि प्रकरण मिटले. पण ठशांच्या तज्ज्ञाने पुरावा पाहिला, उचलला आणि नोंदवला. निकाल काय लागला ही त्याच्या हातातली गोष्ट नव्हती. हौशी जमान्याचा हा एक गुण मला नेहमी भावतो. पंच पोटासाठी दुसरे काहीतरी करत असे, आणि ते काम त्याच्याबरोबर मैदानात येत असे.

१९८६ चा हिवाळा

आता एका अशा वर्षाकडे येतो, जे माझ्या सीनियर वाचकांना चांगले आठवत असेल.

सप्टेंबर १९८६. मद्रासला भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीचा शेवटचा दिवस. भारतापुढे ३४८ धावांचे लक्ष्य. धावसंख्या ३४७, बरोबरी झालेली. शेवटच्या षटकातला पाचवा चेंडू. ग्रेग मॅथ्यूज गोलंदाज, मनिंदर सिंग फलंदाज, दुसऱ्या टोकाला रवी शास्त्री ४८ वर नाबाद. जोरदार अपील. पंच व्ही. विक्रमराजू यांनी बोट वर केले, पायचीत. कसोटीच्या इतिहासातला दुसरा टाय. मनिंदरचे म्हणणे, चेंडू आधी बॅटला लागला होता. विक्रमराजू आपल्या निर्णयावर ठाम राहिले. ती त्यांची दुसरी कसोटी होती आणि शेवटची ठरली.

पुढची पायरी नोव्हेंबर १९८६, लाहोर. पाकिस्तान विरुद्ध वेस्ट इंडीज. घरच्या पंचांबद्दल पाहुणे संघ वर्षानुवर्षे कुरकुर करत होते. कर्णधार इम्रान खानच्या आग्रहाने तिसऱ्या देशाचे पंच बोलावले गेले. ते होते भारताचे, हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर.

हे घडत होते तेव्हा सीमेच्या अलीकडे काय चालले होते? जनरल सुंदरजींच्या काळातला ‘ब्रासटॅक्स’ हा प्रचंड सराव. त्याच हिवाळ्यात राजस्थानच्या वाळूत आपल्या फॉर्मेशन उतरल्या, पाकिस्ताननेही सैन्य हलवले, आणि जानेवारी १९८७ मध्ये दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर आले. फेब्रुवारीत जनरल झिया जयपूरची कसोटी पाहायला आले आणि ताण सैल झाला. दोन देश एकमेकांच्या हालचालींवर विश्वास ठेवायला तयार नव्हते, त्याच काही महिन्यांत एकाच्या मैदानावर दुसऱ्या देशाचे दोन नागरिक पांढऱ्या कोटात उभे होते आणि त्यांचा शब्द शेवटचा होता. ‘विश्वासातला माणूस’ या जर्मन शब्दाचा याहून चांगला दाखला मला सापडलेला नाही.

तटस्थ पंचांची कल्पना मग रुजली. १९९४ पासून कसोटीत एक, २००२ पासून दोन्ही पंच तटस्थ, त्याच वर्षी आयसीसीचे एलिट पॅनेल. टीव्हीवरचा तिसरा पंच १९९२ मध्ये डर्बनला आला आणि त्याचा पहिला बळी ठरला आपला सचिन. वरच्या पातळीवर आता चेंडूचा मार्ग संगणक दाखवतो. पण रविवारच्या लीगमध्ये संगणक नाही. तिथे अजून सुभेदार साहेब आणि त्यांचे डोळेच आहेत.

तीन जण पास

२०२२ मध्ये बीसीसीआयने पंचांची श्रेणीवारी नव्याने लावली. ए-प्लस, ए, बी, सी आणि डी. ए-प्लस आणि ए गटाला प्रथम श्रेणी सामन्यासाठी दिवसाला ४० हजार, बी आणि सी गटाला ३० हजार. त्याच वर्षी अहमदाबादला महिला आणि ज्युनिअर सामन्यांचे पंच निवडण्यासाठी परीक्षा झाली. एकूण २०० गुण, त्यात लेखी १००, तोंडी ३५, व्हिडिओ ३५, शारीरिक ३०. पास व्हायला ९० हवे होते. सुमारे १४० जण बसले, पास झाले तीन.

प्रश्न पाहिले की कारण कळते. एक प्रश्न असा होता. खेळपट्टीवर पॅव्हेलियनची, झाडाची किंवा क्षेत्ररक्षकाची सावली पडू लागली आणि फलंदाजाने तक्रार केली, तर काय कराल? उत्तर असे, की इमारतीची आणि झाडाची सावली विचारात घ्यायची नाही. क्षेत्ररक्षकाला मात्र स्थिर उभे राहायला सांगायचे, तो हलला तर चेंडू मृत जाहीर करायचा. दुसरा प्रश्न. गोलंदाजाच्या बोटाला खरोखर जखम आहे, पट्टी काढली तर रक्त येईल. पट्टी काढायला लावाल का? हो. गोलंदाजी करायची असेल तर पट्टी काढावीच लागेल. इथे दया दाखवणारा नापास होतो.

पुस्तक पाठ करून ही उत्तरे येत नाहीत. नियम कशासाठी आहे ते समजले असेल तरच येतात. झाड हलून फलंदाजाला फसवत नाही, माणूस फसवू शकतो. व्हेर्डी दु व्हेर्नुआ तक्ते बाजूला ठेवायला सांगत होता, त्याचा अर्थ हाच असावा. आधी तक्ते पूर्ण समजून घ्या, मगच बाजूला ठेवा.

याच वाटेने जानेवारी २०२३ मध्ये रणजी सामन्यांत पहिल्यांदा महिला पंच उभ्या राहिल्या. त्या तिघींतल्या वृंदा राठी यांनी मुंबईच्या मैदानांवर स्कोअरर म्हणून सुरुवात केली होती. चेन्नईच्या जननी नारायणन सॉफ्टवेअरची नोकरी सोडून आल्या.

मार्क देणाऱ्याला मार्क कोण देणार

परीक्षा एकदाच होते, श्रेणी मात्र दरवर्षी ठरते. कर्णधारांचे अहवाल, मॅच रेफरी किंवा निरीक्षकाचा अहवाल, वरच्या सामन्यांत व्हिडिओ, यावर पंचाचे वर-खाली होणे अवलंबून असते. क्लबच्या पातळीवर व्हिडिओ नसतो आणि निरीक्षक प्रत्येक मैदानावर जाऊ शकत नाही. उरतो कर्णधाराचा कागद. हरलेला कर्णधार काय लिहितो, हे सांगायला चेस्टरचा जोडीदार पुरे.

फौजेतही दरवर्षी गोपनीय अहवाल असतो, आकड्यांत. पण तो लिहिणारा एक, तपासणारा दुसरा आणि त्यावर नजर ठेवणारा तिसरा असतो. या पद्धतीत दोष नाहीत असे कोणीही फौजी म्हणणार नाही. तरी एक तत्त्व तिच्यात आहे. ज्याच्याविरुद्ध तुम्ही निर्णय द्यायचे, त्याच्या एकट्याच्या हातात तुमचे भवितव्य ठेवायचे नाही. सरावातल्या अंपायरचा अहवाल, ज्याची प्लाटून त्याने ‘मारली’ तो कंपनी कमांडर लिहीत नाही.

माझे मत असे झाले आहे. हौशी खेळात पंचाचे मूल्यमापन निकालावरून कमी आणि कामाच्या पद्धतीवरून जास्त व्हावे. वेळेवर आला का, जागा बरोबर घेतली का, अपील झाल्यावर थांबला का, दोन्ही संघांना एकच माप लावले का, शेवटच्या तासातही सावध होता का? या गोष्टी पाहायला कॅमेरा लागत नाही. एखादा अनुभवी पंच महिन्यातून एकदा सीमारेषेवर खुर्ची टाकून बसला, तरी पुरे. दोन्ही कर्णधारांचे कागद घ्यावेत, पण एकत्र वाचावेत. दोघेही नाराज असतील तर लक्ष द्यावे. एकच नाराज असेल तर आधी स्कोअरकार्ड पाहावे. विक्रमराजूंच्या त्या बोटाबद्दल मद्रासच्या गॅलरीने जो निकाल दिला, तो धावफलक बघून दिला होता. गोलंदाजाच्या टोकाला उभे राहून तो चेंडू पाहिलेले पंच एकटे तेच होते.

सुभेदार साहेबांना मी विचारले होते, की मार्क कमी पडले तर वाईट वाटते का. ते हसले. “साहेब, वाईट वाटतं ते मार्क का कमी पडले हे कोणी सांगत नाही तेव्हा. सांगितलं तर पुढच्या रविवारी सुधारू की.”

निवृत्त वाचकांसाठी

शेवटी माझ्या माजी सैनिक वाचकांशी दोन शब्द. आपला जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. नजर चांगली, पाय मजबूत, उन्हाची सवय, शिव्या पचवण्याचीही सवय. नियमपुस्तिका वाचून ती पाळायची आणि पाळून घ्यायची, हे त्याने आयुष्यभर केलेले असते. पंचाला जे लागते त्यातले अर्धे तो घेऊनच घरी येतो. उरलेले अर्धे, म्हणजे खेळाचे नियम आणि मैदानावरचा सराव, शिकवायला वर्ग आहेत.

क्रिकेटच हवे असे नाही. महाराष्ट्रात कबड्डी आणि खो-खोच्या पंच परीक्षा संघटना घेतात. गावोगाव स्पर्धा होतात, आणि शिकलेला पंच मिळाला नाही म्हणून अंतिम सामन्यात हाणामारी झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. मानधन फारसे नाही, हे आधीच सांगतो. पण ज्या गावात निकाल देणाऱ्या माणसावर दोन्ही बाजूंचा विश्वास असतो, तिथली पोरे पुढच्या वर्षीही खेळायला येतात.

तुमच्या जिल्ह्याच्या संघटनेत एकदा जाऊन या. पुढची पंच परीक्षा कधी, फॉर्म कुठे मिळतो, वयाची अट काय, एवढे विचारा. सोबत वही घेऊन जा, कारण पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला बरेच असते.